दांडी कुठं अडवायची? कॅटापल्टच्या ४५ अंशांचा घोळ

पोरांनो, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की टेक फेस्टसाठी ६० सेंटिमीटर दांडीचं कॅटापल्ट (दांडी झटक्यानं फिरवून बॉल फेकायचं यंत्र) केलंय, ताणायला सायकलची ट्यूब, वाटीत टेनिस बॉल, दांडी मागं आडवी होईपर्यंत ओढून सोडता. स्टॉपर, म्हणजे दांडी अडवणारा अडसर, दांडी उभी होते तिथं लावला तर बॉल समोरच्या फरशीवर आपटायलाय, ४५ अंशावर लावला तर उंच आभाळात जाऊन १२ मीटरवर पडायलाय, आणि सर म्हणतात पुस्तकात ४५ दिलंय म्हणजे ४५च. शेजारच्या ग्रुपचा बॉल मात्र १५ च्या पुढं जातो. मग सोडायचं नेमकं कुठं, आणि ते स्लो मोशन व्हिडिओत दिसेल का?

मी वर्कशॉपमध्ये पोरांची असली यंत्रं बघत म्हातारा झालो, त्यामुळं उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सर चुकीचं नाही सांगायले, पण अर्धंच सांगायलेत. ४५ अंश हा गोळ्याचा, म्हणजे बॉलचा, जमिनीशी कोन आहे, दांडीचा नाही. गोळा सुटतो तो दांडीला काटकोनात सुटतो. दांडी सरळ उभी असताना सुटला तर तो आडवा जाणार, जमिनीला समांतर, आणि तुमच्या १ मीटर उंचीवरनं थोडं जाऊन आपटणार, ते तुम्हाला दिसलंच. दांडी उभी व्हायच्या ४५ अंश अलीकडं सुटला तर गोळा ४५ अंशानं वर जाणार. ३५ अंश अलीकडं सुटला तर ३५ नं. म्हणजे मोजायचं ते उभ्या रेषेपासून मागं. एका ग्रुपनं तर मागच्या साली स्टॉपर उभ्या रेषेच्या पुढं ४५ वर लावला होता आणि बॉल सारखा आपल्याच पायाशी का आपटतो म्हणून दोन दिवस ट्यूब बदलत बसले होते. मोजायला ओळंबा लावा. मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप चालेल, पण आसापाशी दोऱ्याला नट बांधून सोडलेला ओळंबा कधी खोटं बोलत नाही.

आणि दांडीचा कोन म्हणजे लाकडाचा कोन नव्हे, आस ते बॉलचा मध्य ही रेषा धरायची. तुमची वाटी दांडीच्या वर ठोकलेली असणार, बॉलचा मध्य लाकडापासून ६ सेंटिमीटर जरी वर असला तरी ६० च्या दांडीवर तो पावणेसहा अंशाचा फरक आहे. लाकूड ४० दाखवतंय तेव्हा बॉल ३४ वर आहे. हे कोणी धरतच नाही.

आता मुद्द्याचं. ४५ ला सगळ्यात लांब जातं हे कधी खरं? वेग तोच ठेवून फक्त कोन बदलला तर, आणि जिथनं सोडला त्याच उंचीवर पडला तर. तुमच्या यंत्रात वेग तोच राहतोय का? दांडी तर अजून पळायला लागलीय, ट्यूब अजून ओढतीय, ४५ वर तुम्ही तिला अडवली म्हणजे पुढची सगळी ओढ वाया घालवली. थोडं पुढं जाऊ दिली असती तर कोन खाली आला असता पण वेग वाढला असता. इथं खरी गंमत आहे. कोन ४५ वरनं ४० वर आला तर अंतर फक्त दीड टक्का घटतं, ३५ वर आला तर ६ टक्के, ३० वर साडेतेरा. आणि वेग? अंतर वेगाच्या वर्गावर चालतं, वेग ३ टक्के वाढला की अंतर ६ टक्के वाढलं. म्हणजे ४५ वरनं ३५ ला येताना वेग नुसता ३ टक्के वाढला तरी हिशेब बरोबरीत सुटतो, त्याच्यावर जे मिळेल तो नफा.

कुठपर्यंत नफा हे गणितानं काढता येतं. समजा ओढ पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच आहे आणि दांडी आडवी असताना सुटली, तर गोळ्याची ऊर्जा दांडी किती अंश फिरली त्या प्रमाणात वाढते. फिरलेला कोन गुणिले सुटण्याच्या कोनाच्या दुपटीचं साइन, हा गुणाकार सगळ्यात मोठा कुठं होतो ते काढा. उत्तर येतं गोळ्याचा कोन ३२ अंश! म्हणजे दांडी ५८ अंश फिरू द्यायची. ४५ च्या तुलनेत अंतर जवळपास १६ टक्के जास्त, तुमच्या १२ मीटरचे पावणेचौदा-चौदा. पण तुमची ट्यूब सारखी ओढत नाही, दांडी पुढं येईल तशी ती सैल पडत जाते. दांडी उभी होईपर्यंत ओढ हळूहळू शून्यावर येते असं धरून तोच हिशेब केला तर कोन येतो साडेछत्तीसच्या आसपास, आणि ४५ च्या मानानं फायदा फक्त ६-७ टक्के. दांडी आडव्याच्याही खाली ३० अंश ओढता येत असली आणि ओढ सारखी असली तर साडेपस्तीस. थोडक्यात दांडीला पळायला रस्ता जितका जास्त आणि ट्यूब शेवटी जितकी ढिली, तितका कोन ४५ कडं सरकतो. पण ४५ वर जात नाही, कायम खालीच राहतो. बाकी काही माहीत नसेल तर मी पहिला स्टॉपर ३८ ला लावतो आणि तिथनं दोन्हीकडं हलवत बघतो.

उंचीचाही थोडा हात असतो. गोळा १ मीटरवरनं सुटून जमिनीवर पडणार, वेग सेकंदाला १२ मीटर, तर सगळ्यात चांगला कोन ४३ च्या जवळ येतो, म्हणजे फार काही नाही. पण लहान लेकरांचं आइसक्रीमच्या काड्यांचं कॅटापल्ट टेबलावर ठेवलं, वेग सेकंदाला ५ मीटर आणि टेबल १ मीटर, तर तोच कोन ३७ वर उतरतो. हवेचा अडथळाही कोन खालीच ओढतो. टेनिस बॉलला तुमच्या वेगात फारसा नाही, टेबल टेनिसचा बॉल असला तर मात्र लई, कारण तो ४० मिलिमीटरचा आणि वजन फक्त २.७ ग्रॅम, हवेत गपकन थांबतो.

हे सगळं कागदावरचं झालं. आता तुमच्या यंत्राकडं या, कारण मला तुमच्या प्रश्नात एक गोष्ट खटकली. ४५ ला सोडलेला बॉल "उंच आभाळात" कसा जाईल? ४५ चा मार उंच वाटत नाही, लांब वाटतो. मला शंका आहे की तुमचा बॉल ४५ ला सुटतच नाही, स्टॉपरच्या अगुदरच सुटतो.

तपासायला महागडं काही लागत नाही. बॉल किती सेकंद हवेत होता आणि किती लांब पडला, एवढ्यावरनं सुटण्याचा कोन निघतो. मोबाईल यंत्र आणि पडायची जागा याच्या बरोबर मधोमध, बाजूला ठेवून व्हिडिओ काढा. दांडी स्टॉपरवर आपटल्याचा ठक आणि बॉल पडल्याचा धप, दोन्ही आवाज रेकॉर्ड होतात, आणि मोबाईल मधोमध असल्यामुळं दोन्ही आवाज सारख्याच उशिरानं पोचतात, फरक पडत नाही. दोन आवाजांतला वेळ घ्या. वेळेचा वर्ग गुणिले ४.९, त्यातनं सुटण्याची उंची वजा, भागिले अंतर, हे कोनाचं टॅन (कॅल्क्युलेटरवर उलटं टॅन, tan⁻¹, केलं की कोन येतो). समजा तुमचा बॉल १.९ सेकंद हवेत होता. १.९ चा वर्ग ३.६१, गुणिले ४.९ म्हणजे १७.७, वजा १ म्हणजे १६.७, भागिले १२ म्हणजे १.३९. हा कोन झाला ५४ अंश! स्टॉपर ४५ ला आणि बॉल ५४ ला, म्हणजे तो ९ अंश आधीच निसटला. (आधी निसटला म्हणजे ठकच्याही आधी सुटला, त्यामुळं वेळेत शंभराव्या सेकंदाची चूक आहेच, पण तेवढ्यानं निदान बदलत नाही.) वेगही निघतो, अंतर भागिले वेळ भागिले कोनाचं कोसाइन, इथं पावणेअकरा मीटर सेकंदाला.

माझा आकडा मी नुसता उदाहरणाला धरलाय, तुमचा तुम्ही काढा. पण ५० च्या वर आला तर खालच्यातलं पहिलं नाहीतर दुसरं कारण बहुतेक असणार, तिसरं कोन बिघडवतं ते वेगळ्या तऱ्हेनं.

एक, ट्यूब आधीच ढिली पडायलीय. हे नीट समजून घ्या, वाटीतला बॉल दांडी थांबल्यावर सुटतो असं सगळ्यांना वाटतं, पण तो सुटतो दांडीचा वेग वाढायचा थांबतो तेव्हा. दांडी ढकलतीय तोवर बॉल वाटीच्या बुडाला चिकटून असतो, ढकलणं संपलं की बॉल आपल्या वेगानं पुढं आणि दांडी मागं. ट्यूब दांडीच्या अर्ध्या रस्त्यातच लोंबली तर बॉल तिथंच गेला, पुढं स्टॉपर कुठंही लावा, त्याचा काही उपयोग नाही. ओळखायची खूण सोपी, स्टॉपर १० अंश पुढं सरकवला आणि अंतरात काहीच फरक पडला नाही, म्हणजे हेच. मग ट्यूब आखूड करा, दांडी स्टॉपरला टेकलेली असताना सुद्धा ट्यूब ताणलेली पाहिजे, बोटानं ओढली तर टणटण वाजली पाहिजे. माझ्या मते शेजारचा ग्रुप १५ वर का जातो याचं उत्तर बहुतेक इथंच आहे, कोनात नाही. शेवटपर्यंत ओढणारी ट्यूब ३२-३५ अंशाचा फायदा पदरात टाकते, लोंबलेली ट्यूब काहीच देत नाही.

दोन, वाटी उथळ आहे. फिरताना बॉल बुडाला दाबला जातो तसाच बाहेरच्या टोकाकडंही ढकलला जातो. चमच्यासारखी उथळ वाटी असली तर बॉल दांडीवरनं बाहेर घसरतो, आणि दांडी तेव्हा मागं झुकलेली असल्यामुळं बाहेर म्हणजे वर आणि मागं. म्हणून बॉल उंच जातो आणि जोर काही नसतो. बाहेरच्या बाजूची कड बॉलच्या अर्ध्याइतकी उंच पाहिजे. फार खोल केली, डबा लावला, तर उलटं होतं, बॉल अडकून उशिरा सुटतो आणि खाली जातो. मी पीव्हीसी पाइपचं एंड कॅप वापरतो, बॉल सैल बसतो असं, आणि आत काही चिकटवायचं नाही, फोम लावला की दर वेळी वेगळा सुटतो.

तिसरं, स्टॉपरला लावलेलं गादीचं फोम. आपटून दांडी तुटू नये म्हणून लावता ते बरोबर आहे, पण ते दबतं आणि दांडी ३-४ अंश पुढं जाते. जुन्या टायरचा तुकडा लावा, कमी दबतो. बांबूची दांडी असेल तर ती वाकते आणि शेवटी उसळते, तो वेगळाच खेळ, सागवानाची किंवा चौकोनी ॲल्युमिनियम पाइपची घ्या.

स्लो मोशनचं विचारलंत. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम असतात आणि तुमची दांडी सेकंदाला हजार अंशाच्या वेगानं फिरतीय, म्हणजे एका फ्रेममध्ये ३४ अंश! एका फ्रेमला मागं, दुसरीला स्टॉपरवर, मधलं काही दिसतच नाही. २४० फ्रेमचा स्लो-मो असेल तर ४ अंशावर एक फ्रेम येते, चालतं. पण त्यातही दांडी बघत बसू नका, बॉल बघा. मागं पांढरा कागद, त्यावर १० सेंटिमीटरच्या चौकटी, आणि सुटल्यानंतरच्या चार-पाच फ्रेममध्ये बॉल कुठं कुठं होता ते टिंब टिंब करून रेघ ओढा. तो तुमचा खरा कोन. स्टॉपरवर काय आकडा लिहिलाय ते विसरून जा.

ही सगळी अक्कल मला वर्कशॉपमध्ये नाही, गोफणीवर आली. आमच्याकडं रब्बीच्या ज्वारीला कणसं भरली की पाखरांची झुंबड उडायची आणि माळ्यावर उभं राहून राखण करायची लेकरांची पाळी. गोफण अंबाडीची, वडलांनी वळलेली, एका टोकाचा फासा बोटात आणि दुसरं टोक नुसतं चिमटीत. माझा पहिला गुंडा (गोफणीतला दगड) सरळ मागं गेला, खोपीच्या पत्र्यावर धाडकन, आत माय भाकरी थापायली होती, ती बाहेर येऊन जे बोलली ते इथं लिहीत नाही. वडील एवढंच म्हणाले, "हात नको थांबवू रे, चिमूट सोड." कितीतरी वर्षांनी त्याचा हिशेब केला. गोफण सेकंदाला तीनच फेरे फिरतीय धरलं तरी शंभराव्या सेकंदात ती जवळपास ११ अंश जाते. चिमूट एवढ्याशा फरकानं सुटली की गुंडा पाखरांवर नाही, शेजाऱ्याच्या वावरात. आणि तरीही शाळेत न गेलेला माणूस धुऱ्यापलीकडच्या ज्वारीच्या नेमक्या ताटावर गुंडा टाकायचा. रोजच्या दीडदोनशे फेकीत बोटाला कळतं. यंत्राला बोट नाही, म्हणून स्टॉपर.

ट्रेबुशे, म्हणजे वजन टाकून फेकणारं, त्याच्यात हीच गोफण दांडीच्या टोकाला असते आणि चिमटीच्या जागी खिळा. एक दोरी दांडीला पक्की, दुसरीची रिंग खिळ्यात नुसती अडकवलेली, गोफण पुढं फिरली की रिंग घसरून निघते. इथं सुटण्याची जागा म्हणजे खिळ्याचा वाक. खिळा दांडीच्या रेषेत सरळ असला तर रिंग लवकर निघते, गोळा उंच जातो नाहीतर मागंच. पुढं वाकवला तर उशिरा, गोळा सपाट जातो, जास्तच वाकवला तर समोर जमिनीत. एका वेळी पाचेक अंशच वाकवा आणि खिळ्याला मेणबत्ती घासा, गंजका खिळा दर वेळी वेगळं सोडतो. सगळं जमलं की एक सुंदर गोष्ट दिसते, गोळा सुटतो त्या क्षणी वजनाची पेटी खाली येऊन जवळजवळ थांबलेली असते, दांडी उभी, सगळी ताकद गोळ्यात गेलेली. गोळा सुटल्यानंतरही पेटी गदागदा हलत असली तर तेवढी ताकद तुम्ही हलवण्यात घालवली.

दौलताबादला सहल गेली की पोरं मेंढा तोफेपाशी फोटो काढतात, पण तोफा यायच्या आधी किल्ल्यावर दगड फेकायला हीच यंत्रं असायची, मंजनीक म्हणायचे. रणथंभोरच्या वेढ्यात, जो १३०१ मध्ये संपला, अल्लाउद्दीन खलजीचा सरदार नुसरत खान किल्ल्यातनं आलेल्या अशाच दगडानं गेला. त्या मंजनीकवाल्यानं खिळा किती वाकवला होता देव जाणे.

तर तुम्ही करायचं काय. आसापाशी प्लायचा पाव गोल तुकडा ठोका, त्याला ५-५ अंशावर भोकं, २५ पासून ५० पर्यंत, आणि स्टॉपरचा बोल्ट या भोकातनं त्या भोकात हलवायचा. यंत्राच्या बुडावर वाळूच्या दोन गोण्या टाका, बूड उचललं की कोन गेला. नवीन ट्यूबच्या पहिल्या दहा फेकी मोजू नका, ती ताणून ताणून जरा ढिली होते मग स्थिरावते, आणि उन्हात ठेवू नका, आपल्याकडच्या एप्रिलमध्ये सकाळची ट्यूब आणि दुपारची ट्यूब दोन वेगळ्या वस्तू असतात. मग प्रत्येक भोकावर पाच फेकी, पाची अंतरं लहानापासून मोठ्यापर्यंत लावून मधलं धरा, सरासरी नको, एक फेक चुकली की सरासरी नासते. हातानं सोडू नका, खिळा-दोरीचा ट्रिगर करा, हात जरासा बाजूला सरकला की गेलं. ग्राफ काढा. वर टेकडीसारखं येईल, माथा सपाट असेल, त्या माथ्याच्या मधोमधचं भोक घ्या.

स्पर्धेत नेमकी बादली मारायची असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, ही बऱ्याच जणांना सुचत नाही. बादली ९ मीटरवर आहे आणि यंत्र १४ ची ताकद ठेवतं, तर पोरं स्टॉपर हलवून कोन बिघडवून ९ वर आणतात. मग कोनात एक अंश इकडंतिकडं झाला की बॉल हातभर चुकतो. उलट करा, स्टॉपर माथ्यावरच्या भोकात ठेवा आणि ट्यूब कमी ताणून जास्तीत जास्त अंतरच ९ वर आणा. माथ्यावर कोन थोडा हलला तरी अंतर हलत नाही. आमच्या पोरांनी असं करून सलग चार बॉल बादलीत घातले होते, पाचवा कडेला लागला.

एक सूचना, पहिल्या दिवशी यंत्राच्या मागं कोणाला उभं करू नका. लवकर सुटलेला गोळा मागं येतो. आम्ही पहिला ट्रेबुशे केला तेव्हा बॉल संपले म्हणून कोणीतरी जालन्याहून आणलेली मोसंबी घातली. ती मागं गेली आणि एका सरांच्या नव्या गाडीच्या काचेवर फुटली. सर अजूनही भेटले की आधी हातात काय आहे ते बघतात.

आधी त्या दोन आवाजांतला वेळ मोजून मला कळवा, ट्यूबचा फोटोही पाठवा, दांडी स्टॉपरला टेकलेली असतानाचा. मग पुढचं सांगतो.